पुराणांची झडती

पुराणे आणि धर्मशास्त्रे यांची जातिविरोधी भूमिकेवरून झडती घेणाऱ्या मराठी वाङ्मयाला आता दीडशे वर्षे होऊन गेली असून, त्याचा विस्तार पाहता समाधान वाटावे आणि त्याची सांप्रतची प्रकृती पाहता काळजी वाटावी, अशी अवस्था प्राप्त झाली आहे.

या वाङ्मयाचा पाया घातला तो जोतीराव फुले यांच्या 1873 च्या ‘गुलामगिरी’ने. धोंडीबाशी चाललेल्या संवादातून जोतीरावांनी मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारांना देवत्वाच्या आसनावरून खाली उतरवले, त्यांना परक्या विजेत्यांचे सरदार ठरवले आणि पाताळात घातलेल्या बळीला रयतेचा न्यायी राजा म्हणून पुन्हा गादीवर बसवले. परशुराम जर चिरंजीव असेल, तर त्याने समक्ष हजर व्हावे, असे जाहीर पत्रच त्यांनी त्याच्या नावे काढले. त्यांच्या कित्येक व्युत्पत्त्या आज टिकणाऱ्या नाहीत. परंतु पोथीच्या विरुद्ध साक्ष द्यायला त्यांनी दुसरी पोथी न आणता, बळीचे राज्य येवो असे म्हणत ओवाळणाऱ्या घरोघरच्या बायांची वहिवाट पुढे केली, ही गोष्ट त्यांच्या निष्कर्षांहूनही मोलाची होती. पुढे ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलने’त पुराणातील देवांचे आणि ऋषींचे वर्तन स्त्रियांवर लादलेल्या नीतीच्याच मापाने मोजले, तर सत्यशोधक जलसेकऱ्यांनी तमाशाचा सांगाडा घेऊन हीच चिकित्सा अक्षरशत्रू श्रोत्यांपर्यंत पोहोचवली.

डॉ. आंबेडकरांच्या हाती या चिकित्सेचे स्वरूप पालटले. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, म्हणून ग्रंथाचे अध्ययन संपले असे त्यांनी मानले नाही. उलट श्रुती, स्मृती आणि पुराणे यांना परस्परांसमोर उभे करून त्यांच्याच जबान्यांतील विसंगती दाखवण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत चालवले. शूद्रांच्या उत्पत्तीवरील आपला 1946 चा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात, जोतीरावांच्या मांडणीचा आधार असलेली आर्य आक्रमणाची उपपत्ती पुराव्यानिशी अमान्य केली. गुरूला वंदन करून त्याच्या सिद्धांताशी मतभेद नोंदवण्याची ही रीत म्हणजेच या परंपरेचे खरे बळ होय.

ती रीत नंतरही काही काळ चालली. मार्क्सला जातीचा उलगडा पुरता होत नाही, असे सांगत शरद पाटील यांनी त्याला फुले-आंबेडकरांची जोड दिली आणि निर्ऋतीसारख्या उपेक्षित देवतेतून स्त्रीसत्तेचा माग काढला, आ. ह. साळुंखे यांनी संस्कृत ग्रंथांचेच दाखले काढून बळीवंशाची कैफियत मांडली. मात्र राज्य सरकारने 1987 साली आंबेडकरांचे ‘रिडल्स इन हिंदूइझम’ प्रसिद्ध केले, तेव्हा राम आणि कृष्ण यांवरील परिशिष्टावरून उभयपक्षी मोर्चे निघाले आणि त्या परिशिष्टातील मतांशी सरकार सहमत नाही, अशा आशयाच्या तळटीपेवर प्रकरण मिटले. ग्रंथात उपस्थित केलेल्या प्रश्नांची उत्तरे मात्र त्या गदारोळात कोणी फारशी दिली नाहीत.

आज शंबूकाचे मस्तक आणि एकलव्याचा अंगठा ही कवितेची तयार सामग्री झाली आहे, आणि व्याख्यानांतून जोतीराव आणि आंबेडकर यांचे निष्कर्ष, त्यांच्यातील अंतर झाकून, एका दमात सांगितले जातात. विरोधकांनी दुखावलेल्या भावनांची फिर्याद लावावी आणि समर्थकांनी पूर्वसूरींच्या वचनांनी तिला उत्तर द्यावे, यात दोन्ही पक्षांची मूळ ग्रंथ वाचण्याच्या कष्टांतून सुटका होते. चिकित्सेचीच पोथी झाली, तर ती वाचणारे आणि पुराण सांगणारे यांत भेद उरणार नाही. म्हणून या परंपरेचा वारसा सांगणाऱ्याने मूळ ग्रंथांइतकीच आपल्या पूर्वसूरींचीही उलटतपासणी करावी, कारण त्यांनी आपल्या पूर्वसूरींच्या बाबतीत तेच केले होते.