खेळण्यातली गाडी?

नागभीड-नागपूर नॅरोगेजची जुनी छायाचित्रे अलीकडे पुन्हा हातोहात फिरू लागली आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ही गाडी बंद झाली आणि जो तो तिच्या आठवणी काढू लागला. ही छायाचित्रे आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांच्यावर एक आक्षेप नोंदवायचा आहे.

बहुतेक चित्रे इंजिनाची आहेत. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात बनलेली 'सीसी' वर्गाची वाफेची इंजिने, धुराचा लोट, झाडीतून वळण घेणारे रूळ. ती काढली बाहेरून आलेल्या शौकिनांनी, आणि त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांनी कॅमेरा उचलला नसता तर त्या इंजिनाचा चेहराही आज कुणाला ठाऊक नसता. पण या चित्रांनी एक गोष्ट केली, गाडीचे खेळणे केले. त्यांच्याखाली हमखास 'टॉय ट्रेन' असे लिहिलेले असते. नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली नॅरोगेजचे संग्रहालय झाले. तिथे मुलांना बागेतल्या गाडीत बसवून फिरवतात. मुले खूष होतात, त्याला आमची हरकत नाही.

हरकत तुलनेला आहे. माथेरानची गाडी सर आदमजी पीरभाई यांच्या घराण्याने १९०७ साली उभी केली, ती डोंगरावर हवा खायला जाणाऱ्यांसाठी. तिला टॉय ट्रेन म्हणा, शोभते. नागभीडची लाईन पुढच्याच वर्षी, १९०८ साली आली. अडीच फूट रुंदीची, शंभराहून थोडे अधिक किलोमीटरची. भिवापूरची मिरची, इकडचा तांदूळ, बाजाराला निघालेली माणसे, कोर्टकचेरी, दवाखाना यांची ती गाडी होती. ताजबागच्या उरुसाला इथले किती लोक शीरनीची पुडकी घेऊन याच गाडीने गेले! यातले काहीच त्या चित्रांत दिसत नाही. डब्यातला माणूस असलाच तर खिडकीतून बाहेर आलेला एक कोपर.

मग आपल्या माणसांची चित्रे कुठे गेली? दोष निव्वळ परक्या कॅमेऱ्याला देऊन चालणार नाही. रोजच्या गाडीचा फोटो कोण काढतो? आणि आपल्या घरांत तर फोटोबद्दल आधीच संकोच. जिवंत माणसाची तस्वीर भिंतीवर लावू नये म्हणून ती पेटीत, कपड्यांच्या तळाशी. नमाजच्या खोलीत तर नाहीच. या अदबीबद्दल आम्हाला आदर आहे. मात्र तिची किंमत आपण मोजली, हेही कबूल केले पाहिजे. दुसऱ्यांनी आपल्या स्टेशनाची चित्रे काढली आणि त्यांत आपण नाही.

नागभीडच्या एका घरी अशाच पेटीतून निघालेला फोटो आम्हाला पाहायला मिळाला. कोपरे वाळवीने खाल्लेले. फलाटावर बुरखा घातलेली एक बाई, हातात गाठोडे, शेजारी एका मुलाने चप्पल हातात धरलेली. गाडी जेमतेम चार बोटे दिसते, तीही हललेली. इंजिन चित्रात नाहीच. कुणी शौकीन असा फोटो क्षणात फेकून देईल. आम्हाला मात्र शे-दीडशे इंजिनांपेक्षा या हललेल्या पट्टीत गाडी जास्त दिसली. कारण ती कुणाची तरी वाट पाहण्याची, चुकण्याची, पकडण्याची गाडी होती.

संग्रहालयाच्या भिंतीवर हे चित्र लागावे असे आम्ही त्या घरच्यांना सुचवून पाहिले. आजींनी फोटो परत घेतला, ओढणीच्या पदराने पुसला आणि म्हणाल्या, "बेटा, ही माझी सासू. तिला लोकांसमोर टांगायचं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. फोटो पुन्हा पेटीत गेला.