रसिकाचा रोष
चाहता म्हणजे भक्त, हे समीकरण रूढ असले तरी तपासून पाहण्याजोगे आहे. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये बॉब डिलनने उत्तरार्धात विद्युत्-गिटार हाती घेतली, तेव्हा एक श्रोता ओरडला, ‘जूडास!’ या संबोधनाचा अर्थ नीट लावला पाहिजे. जूडास हा ख्रिस्ताशी विश्वासघात करणारा शिष्य. म्हणजे त्या श्रोत्याच्या लेखी दैवत होते ते लोकगीत. डिलन केवळ त्याचा शिष्य, आणि म्हणूनच द्रोही ठरू शकणारा. उदासीन श्रोता अशी शिवी देत नाही. तो उठून जातो. या मैफलीचे ध्वनिमुद्रण प्रथम चोरट्या तबकड्यांतून (तेही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावावर!) फिरले, १९९८ साली ते अधिकृतपणे निघाले, तेव्हा ती शिवीही गाण्यांसोबत जतन झाली.