दार कोणी उघडले?

भुताच्या गोष्टीला वाङ्मयाच्या पंगतीत पाट मांडावा की तिला ओसरीवरच बसवावे, हा वाद जुना आहे. आम्ही त्यात पडत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की पाट मांडला नाही तरी ती उपाशी परतत नाही. पुढल्या दाराने हाकलली तर मागल्या दाराने येते आणि माजघरात तिला कोणी ना कोणी वाढतेच.

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या पुतण्याने ड्रॅक्युलाचे चित्रपट आम्हांला ओळीने दाखवले. इंग्लंडातल्या हॅमर कंपनीने १९५८ ते १९७४ या काळात काढलेली ही मालिका. तीतल्या सात चित्रपटांत ख्रिस्तोफर ली यांनी हा शतकानुशतके न मेलेला, माणसांच्या रक्तावर जगणारा सरदार रंगवला आहे. आमच्या मातोश्री जपाची माळ घेऊन मागे बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना कळत नाही आणि रक्त दिसले की त्या डोळे मिटून घेत. पण पहिला चित्रपट संपला तेव्हा त्यांनी विचारले, "काय रे, त्याला घरात घेतला कोणी?"

पुतण्या हसला. आम्हीही हसलो. मग ध्यानात आले, की पुढच्या साऱ्या चित्रपटांची परीक्षा करायला हा एकच प्रश्न पुरेसा आहे.

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची मूळ कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तीतला ड्रॅक्युला कसा आहे पाहा. तो बोलका आहे. पाहुणा म्हणून आलेल्या तरुण वकिलापाशी तो रात्ररात्र बसतो आणि आपल्या पूर्वजांच्या लढाया अशा अभिमानाने सांगतो, की जणू प्रत्येक रणात तो स्वतः उभा होता. लंडनला जाऊन राहायचे म्हणून तो तिथल्या रस्त्यांची, गाड्यांची पुस्तके वाचतो. आपले इंग्रजी उच्चार ऐकून कोणी परका म्हणू नये याची त्याला काळजी आहे. वाड्यात एकही नोकर नाही. पाहुण्याचे अंथरूण हा सरदार स्वतःच गुपचूप घालतो, आणि ते पाहुण्याच्या दृष्टीस पडते. आम्हांला तर दातांपेक्षा या अंथरुणाचीच धास्ती अधिक वाटली. एवढा जुना, एवढा बलाढ्य, आणि घरात चादर झटकायला दुसरे माणूस नाही!

या पिशाचाला एक अट पाळावी लागते. घरातल्या कोणीतरी आधी या म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. वेड्यांच्या इस्पितळातला एक रोगी लोभाने त्याला आत घेतो आणि मागाहून पस्तावतो. त्याच वेळी शहाणी पुरुषमंडळी काय करीत असतात? मीनाला त्रास नको म्हणून त्यांनी तिला आपल्या मसलतीतून वगळले आहे, आणि तिला एकटी ठेवून ते शत्रू शोधायला बाहेर पडले आहेत. शत्रू तिच्या उशाशी येऊन उभा राहतो तो या काळजीपोटीच.

टेरेन्स फिशर यांनी दिग्दर्शित केलेल्या १९५८च्या चित्रपटाने कथानक पुष्कळ कापले, पण हे मर्म सांभाळले. लूसीच्या खोलीत डॉक्टर लसणीची फुले ठेवायला सांगतो. पोरीला वास सोसत नाही, ती काकुळतीला येते, आणि मोलकरीण दयेने फुले उचलून खिडकी उघडते. पुढे पुरुषमंडळी रात्रभर घराभोवती पहारा देतात, आणि पिशाचाची शवपेटी असते त्याच घराच्या तळघरात! बाईसाहेबांनी तळघरात जाऊ नका असे बजावले आहे, हे मोलकरणीच्या तोंडून सहज निघते तेव्हा काळजात चर्र होते. पहारा बाहेर आणि चोर पायाखाली, हे भय ज्याने संसार केला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. पीटर कुशिंग यांचा डॉक्टर शेवटी टेबलावरून धावत जाऊन पडदा फाडतो आणि उन्हाचा लोट आत येतो, तेव्हा आमच्या घरातही टाळी पडली.

या विजयातच पुढच्या दुबळेपणाचे बीज होते. इथे ली यांना संवाद आहेत ते पहिल्या काही प्रसंगांपुरते. त्यांचा उंच देह, लाल डोळे, जिन्यावरून झपाट्याने उतरणे एवढ्याने काम भागते असे कंपनीला दिसले, आणि १९६६च्या चित्रपटात ड्रॅक्युला एक अक्षरही बोलत नाही. संवाद इतके वाईट होते की आपण बोलायचेच नाकारले, असे ली सांगत. संवाद लिहिलेच नव्हते, असे पटकथाकार जिमी सँगस्टर सांगत. खरे कोणाचेही असो, तोटा प्रेक्षकाचा झाला.

आपल्या वेताळाची इथे आठवण व्हावी. रिचर्ड बर्टनने वेताळाच्या गोष्टी १८७० साली इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला त्याने याच रक्तपिपासू जातीचे नाव दिले. पण वेताळपंचविशीतला वेताळ कोणाचे रक्त पीत बसत नाही. तो गोष्ट सांगतो, कोडे घालतो, आणि राजाने तोंड उघडले की झाडावर परत जाऊन लोंबकळतो. तिथे भूत बोलते आणि माणसाने गप्प राहायचे असते. हॅमरवाल्यांनी भुतालाच गप्प केले. जो बोलत नाही त्याचे वय कसे कळणार? पाचशे वर्षांचा खलपुरुष आणि पिसाळलेले जनावर यांत फरक आहे तो स्मरणशक्तीचा, आणि स्मरण बोलल्यावाचून दिसत नाही.

मग उरते ते मरणे आणि उठणे. एकदा राखेवर रक्त सांडले म्हणून उठला, एकदा बर्फात गोठलेल्या ओठांना भेकड पाद्र्याच्या जखमेचे रक्त लागले म्हणून उठला. तीनदा मेलेला शत्रू चौथ्यांदा मेला तर प्रेक्षक टाळी वाजवीत नाही, घड्याळ पाहतो. भयानक रसाला पुनरुक्तीसारखा दुसरा शत्रू नाही, हे आम्ही कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनीही पाटीवर गिरवून ठेवावे.

या उतरत्या मालिकेत पीटर सॅस्डी यांचा १९७०चा चित्रपट मात्र निराळा निघाला. लंडनचे तीन प्रतिष्ठित गृहस्थ रविवारी सहकुटुंब प्रार्थनेला जातात आणि महिन्यातून एकदा धर्मकार्याच्या नावाखाली कुंटणखान्यात. त्या सुखाचाही कंटाळा येतो, तेव्हा एका उनाड सरदारपुत्राच्या नादाने ते ड्रॅक्युलाची वाळलेली रक्ताची पूड मोल देऊन विकत घेतात. आयत्या वेळी घाबरून त्या पोरालाच ठार करतात आणि घरी येऊन पुन्हा सभ्य होतात. त्यांतला हारगुड नावाचा बाप पाहावा. मुलगी एका भल्या तरुणाशी बोलली म्हणून तो तिच्यावर डोळे वटारतो आणि दारूच्या धुंदीत तिला चाबकाने फोडायला निघतो. ती बागेत पळते, तिथे ड्रॅक्युला उभा असतो, आणि बापाच्या डोक्यात फावडे घालते ती पोटची मुलगी!

इथे ड्रॅक्युलाला बळींची मोजदाद करण्यापलीकडे फारसे काम नाही. तरीही भीती वाटते, कारण आमच्या मातोश्रींच्या प्रश्नाला इथे उत्तर आहे. दार बापाने उघडले. शिक्षकाच्या पेशात असे बाप आम्ही पाहिले आहेत. मुलीच्या वहीत कोणाचे नाव सापडले म्हणून ते शाळेत येऊन थरथरतात. स्वतः संध्याकाळी कुठे बसतात ते मात्र गावाला ठाऊक असते. ज्या घरात एकाचा अपराध झाकायला दुसऱ्याला कोंडतात, तिथे बाहेरच्या पिशाचाला आमंत्रणपत्रिका धाडावी लागत नाही. हा चित्रपट काही थोर नव्हे. शेवटी तर तो बराच घसरतो. पण त्याने खलपुरुषाला पुन्हा माणसांच्या व्यवहारात आणून बसवले, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

पुढे कंपनीने त्याला १९७२च्या लंडनमध्ये आणले, आणि १९७३ साली तयार झालेल्या चित्रपटात तर तो बड्या इमारतींचा मालक होऊन साऱ्या जगावर प्लेग सोडू पाहतो. माणसे संपली तर याचे अन्नच संपेल. तेव्हा त्याला मनातून स्वतःचाच अंत हवा असेल, असा तर्क तिथला म्हातारा पंडित करतो. केवढी मोठी कल्पना ही! न मरण्याला विटलेला जीव! पण ती एका वाक्यात येते आणि धावपळीत विरून जाते. साऱ्या मालिकेत आम्हांला सर्वांत हळहळ वाटली ती या वाक्याची.

कारण स्टोकरने ही गोष्ट जाणली होती. त्याची मीना, जिच्या गळ्यावर त्या पिशाचाचे व्रण आहेत तीच, मारायला निघालेल्या पुरुषांना विनवते, की त्याच्याविषयीही मनात दया ठेवा, या दुःखातला सर्वांत दुःखी जीव तोच आहे. अखेर एकाची कुकरी आणि दुसऱ्याचा सुरा त्याच्यावर चालतो, आणि धूळ होण्याआधी क्षणभर त्याच्या मुद्रेवर शांती उमटते. ती पाहून मीनाला समाधान होते. सात चित्रपटांत ली यांचा ड्रॅक्युला वितळला, बुडाला, जळाला. पण त्याच्यासाठी कोणी असा उसासा टाकलेला आम्हांला दिसला नाही.

आपण नरकचतुर्दशीला पहाटे पायाखाली कारीट फोडतो. तो नरकासुर. पण मरताना त्याने वर मागितला, की या दिवशी जो स्नान करील त्याला नरक भोगावा लागू नये, आणि कृष्णाने तो दिला, असे आपल्याकडे सांगतात. मारायचे तर मारा, पण त्याचा शेवटचा शब्द ऐकून घ्या, ही रीत आमच्या कथेकऱ्यांनी पाळली. म्हणून तो राक्षस दर वर्षी आमच्या दारी येतो आणि शिळा होत नाही.

सातवा चित्रपट संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मातोश्रींचा जप केव्हाच आटोपला होता. त्या उठल्या आणि कडी लावायला गेल्या. पुतण्याने थट्टेने विचारले, "आजी, भ्यालीस होय?" त्या म्हणाल्या, "त्याला नाही रे. आतली माणसं सगळी जेवली का, ते बघून मगच कडी लावायची असते."