आभासी यंत्रांची प्रयोगशाळा आणि ‘वॅग्रंट’ : एक चिकित्सा

प्रस्तावना

एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याची कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली मोठ्या संगणकांसाठी जाहीर केली. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय वैयक्तिक संगणकावर आणली आणि २००७ मध्ये मुक्त स्वरूपात उपलब्ध झालेल्या व्हर्च्युअलबॉक्समुळे ती सामान्य महाविद्यालयांच्या आवाक्यात आली. परंतु यंत्र एकदा उभे करणे आणि तेच यंत्र पुन्हा जसेच्या तसे उभे करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. यांपैकी दुसरी गोष्ट साधण्यासाठी मिचेल हाशिमोटो यांनी २०१० मध्ये ‘वॅग्रंट’ हे साधन प्रसिद्ध केले. या साधनाचा दावा स्थानिक प्रयोगशाळेच्या संदर्भात कितपत टिकतो, याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वॅग्रंटचे योगदान

प्रयोगशाळेत रूढ असलेली पद्धत सर्वपरिचित आहे. शिक्षक एका संगणकावर आभासी यंत्र तयार करतात, त्याची इमेज पेनड्राइव्हवर घेतात आणि ती इतर संगणकांवर उतरवितात. यंत्र चालू होते. पण त्यात कोणती प्रणाली कोणत्या क्रमाने बसविली, कोणत्या फाइलमध्ये कोणता बदल केला, हे इमेजकडे पाहून कळत नाही. ज्याने ती तयार केली तो शिक्षक बदली होऊन गेला की त्याच्याबरोबर ते ज्ञानही जाते.

वॅग्रंटने इमेजच्या जागी लिखित आराखडा आणला. ‘वॅग्रंटफाइल’ ही रुबी भाषेत लिहिलेली साधी मजकूर-फाइल असते. मूळ बॉक्स कोणता, स्मृती किती, नेटवर्कवरील पत्ता कोणता आणि यंत्र उभे राहिल्यावर कोणत्या आज्ञा चालवायच्या, हे तीत नमूद असते. ‘वॅग्रंट अप’ म्हणताच यंत्र उभे राहते आणि ‘वॅग्रंट डिस्ट्रॉय’ म्हणताच ते नष्ट होते. आपल्याकडील प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये साहित्य व कृती लिहिण्याची जी शिस्त आहे, तीच येथे यंत्रालाही वाचता येईल अशा भाषेत आली आहे. यंत्र बिघडले तरी ते पुन्हा उभे करता येते, म्हणून विद्यार्थी निर्धास्तपणे प्रयोग करू शकतो. हे योगदान निःसंशय मोठे आहे.

आराखड्याच्या मर्यादा

तथापि, आराखडा लिहिला म्हणजे यंत्र पूर्णपणे लिहिले गेले, असा समज करून घेणे योग्य ठरणार नाही. आराखड्यातील पहिलीच ओळ एखाद्या तयार बॉक्सकडे बोट दाखविते. हा बॉक्स म्हणजे पुन्हा एक इमेजच होय आणि तो बहुधा दुसऱ्या कोणीतरी तयार केलेला असतो. म्हणजे ज्या अपारदर्शकतेवर वॅग्रंटने उपाय शोधला, ती नाहीशी न होता एक पायरी खाली सरकली आहे.

दुसरी मर्यादा काळाची आहे. सेंटओएस ७ या प्रणालीचा आधारकाल ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर तिची पॅकेजे नेहमीच्या भांडारातून हलवून जुन्या संग्रहात ठेवण्यात आली. परिणामी, पूर्वी बिनचूक चालणाऱ्या आराखड्यातील ‘यम इन्स्टॉल’ ही आज्ञा भांडाराचा पत्ता बदलल्याशिवाय अपयशी ठरू लागली. आराखड्यातील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलले होते ते आराखड्याबाहेरचे जग. तिसरी मर्यादा प्रक्रियकाची आहे. इंटेल पद्धतीच्या प्रक्रियकासाठी तयार केलेला बॉक्स, २०२० पासून ॲपलने आपल्या संगणकांत आणलेल्या एआरएम पद्धतीच्या प्रक्रियकावर सरळ चालत नाही. चौथी बाब परवान्याची. ऑगस्ट २०२३ मध्ये हाशिकॉर्प कंपनीने वॅग्रंटसह आपल्या उत्पादनांच्या पुढील आवृत्त्यांसाठी मुक्त परवाना सोडून व्यावसायिक निर्बंध असलेला परवाना स्वीकारला. अध्यापनासाठीच्या वापरास त्यामुळे अडथळा येत नाही. मात्र एखाद्या साधनावर अभ्यासक्रम उभारताना त्याची मालकी विचारात घ्यावी लागते, हे यातून स्पष्ट होते.

अध्यापनाच्या दृष्टीने

या मर्यादांचा भार अखेर विद्यार्थ्यावर पडतो. प्रत्येकी २ जीबी स्मृतीची तीन यंत्रे मांडणारा आराखडा ८ जीबीच्या संगणकात मूळ प्रणालीसाठी जेमतेम २ जीबी शिल्लक ठेवतो. ५०० एमबीचा बॉक्स ३० संगणकांनी स्वतंत्रपणे उतरवून घ्यायचा तर १५ जीबी माहिती एकाच जोडणीवरून यावी लागते. अशा स्थितीत परीक्षेच्या वेळी एखाद्याचे यंत्र उभे राहिले नाही, तर गुण कशाचे कापले जातात, विद्यार्थ्याच्या अज्ञानाचे की प्रयोगशाळेच्या परिस्थितीचे, असा प्रश्न उपस्थित होतो. उलट, ज्याचे यंत्र एका आज्ञेने उभे राहिले त्याला त्यामागील प्रक्रिया समजलीच आहे, असेही म्हणता येत नाही.

समारोप

वॅग्रंटने यंत्राला लिखित रूप दिले, हे त्याचे यश. ते लेखन अपुरे असते, ही त्याची मर्यादा. म्हणून या साधनाचा त्याग न करता त्याची अध्यापनातील जागा बदलणे इष्ट ठरेल. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एकदा मूळ आयएसओ फाइलपासून यंत्र स्वहस्ते उभे करावे आणि त्यानंतरच आराखडा लिहावा. आराखड्यात बॉक्सची आवृत्ती नेमकी नोंदवावी. बॉक्सची व आवश्यक पॅकेजांची प्रत विभागाच्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी आणि सत्रारंभी प्रत्येक आराखडा नव्याने चालवून पाहावा. मूल्यमापनही यंत्र चालू झाले की नाही एवढ्यावर न करता, न चालणारा आराखडा विद्यार्थी कसा वाचतो व दुरुस्त करतो यावर करावे. असे झाल्यास शिक्षक बदलला तरी प्रयोगशाळेचे ज्ञान विभागात टिकून राहील आणि विद्यार्थ्याचे गुण त्याच्या समजुतीचे निदर्शक ठरतील, असे वाटते.