हसणारा म्हातारा आणि माझी खुर्ची

माझ्या डाव्या हातात फिस्टुला आहे. डायलिसिसचे चार तास तो हात हलवायचा नसतो, त्यामुळे गेली तीन वर्षं माझं सगळं वाचन उजव्या हाताच्या अंगठ्यावर चाललंय. आर्ट बुकवाल्डचं ‘टू सून टू से गुडबाय’ मी असंच वाचलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. एका मैत्रिणीने पाठवलं होतं, सोबत मेसेज: “वाच गं, खूप पॉझिटिव्ह आहे.” आजारी माणसाला पुस्तक पाठवताना लोक त्यात एक सूचनाही घालतात. हा बघ कसा हसतोय, तूही हस.

बुकवाल्ड अमेरिकेतला मोठा विनोदी स्तंभलेखक, 1982 चा पुलित्झर मिळालेला. 2006 च्या सुरुवातीला त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला, किडन्या निकामी झाल्या, आणि 80 वर्षांच्या या माणसाने डायलिसिस नको म्हणून सांगितलं. मरायला म्हणून तो वॉशिंग्टनच्या एका हॉस्पिसमध्ये गेला. पण किडन्या पुन्हा काम करू लागल्या! काही महिन्यांनी तो तिथून बाहेर पडला, हे पुस्तक लिहिलं आणि जानेवारी 2007 मध्ये गेला.

पुस्तकाचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे हॉस्पिसची बैठकीची खोली. लोक भेटायला येतात, खाऊ आणतात, आणि तो त्यांच्याशी मरणाबद्दल सरळ बोलतो. आपल्याकडे पेशंटसमोर हा विषय निघाला की कोणीतरी “काहीतरीच काय बोलतेस” म्हणून चहा टाकायला उठतं. मग पेशंट एकटाच उरतो, विषयाबरोबर. बुकवाल्ड पाहुण्यांना ही पळवाट ठेवत नाही. माणसाला धीर कशाने येतो याचं उत्तर मला या पुस्तकात सापडलं असेल तर ते इथे आहे, विनोदात नाही.

खरं सांगू? मी त्याच्या शांतपणावर जळले नाही, त्याच्या खाण्यावर जळले. पथ्य संपलंय, हवं ते खातोय! आमच्याकडे भाजी उकळून पाणी फेकायचं, शहाळं बंद, टोमॅटो मोजून. दिवसभराचं पाणी बाटलीत भरून ठेवायचं आणि संध्याकाळी त्या बाटलीकडे बघत बसायचं.

आणि इथेच पुस्तक मला अपुरं वाटतं. त्यात किडनी हा कथेला वळण देणारा प्रसंग आहे, रोजचं जगणं नाही. वजनकाटा नाही, तहान नाही, तिसऱ्या तासाला पोटरीत येणारा गोळा नाही. साहजिक आहे, त्याने ती खुर्चीच नाकारली. त्याचा विनोद दार ओलांडून गेलेल्या माणसाचा आहे, मला परवा पुन्हा यायचंय. शेवटी मित्रांनी त्याच्यासाठी आधीच लिहून ठेवलेली श्रद्धांजलीची भाषणं आहेत. ती मी भराभर सरकवली. मोठ्या लोकांचं कौतुक वाचायला माझा अंगठा तयार नव्हता.

त्याने नकार दिला ते पान वाचताना मात्र मी थांबले. मनात आलं, आपणही थांबवलं तर? दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी न दचकता ऐकून घेतलं आणि एक प्रश्नावली दिली: थकवा येतो का, झोप लागते का, भूक कमी झालीय का. मी हसले. इथल्या प्रत्येक खुर्चीवर याची उत्तरं “हो” येतील! म्हणूनच आकडेही दोन निघतात. प्रश्नावलीने मोजलं तर डायलिसिसवरच्या 10 पैकी साधारण 4 जणांना नैराश्य, नीट मुलाखत घेऊन मोजलं तर चारपैकी एकाहून थोडं कमी. माझी मुलाखत झाली. नैराश्य होतं. आता त्यावरही गोळी आहे, आणि एक बाई आहेत ज्यांच्याशी मी बोलते.

बुकवाल्डलाही नैराश्याने गाठलं होतं, 1963 मध्ये आणि पुन्हा 1987 मध्ये, दोन्ही वेळा हॉस्पिटलपर्यंत. नंतर तो त्याबद्दल उघडपणे बोलला. मरावंसं वाटणं आणि मरण स्वीकारणं यातला फरक त्याला आतून माहीत असणार. 80 व्या वर्षीचा त्याचा निर्णय म्हणूनच मला पटतो. पण मी 29 ची आहे, प्रतीक्षायादीत माझं नाव आहे. आणि हसल्यामुळे कोणाच्या किडन्या सुरू होत नाहीत. कायमच्या बंद पडलेल्या असतील तर डायलिसिस सोडल्यावर बहुतेकांकडे आठवडा-दोन आठवडे उरतात. पुस्तक ‘पॉझिटिव्ह’ म्हणून पुढे पाठवताना एवढं तरी सोबत लिहावं.

शेजारच्या खुर्चीवरच्या काकांना गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकली, मग विचारलं, “बर्गर कुठला खाल्ला म्हणे त्याने?”