पडद्यावरची टक्केवारी

पोकर या पत्त्यांच्या खेळाची जागतिक स्पर्धा दरवर्षी अमेरिकेत लास व्हेगास येथे भरते. तिच्या दूरचित्रवाणीवरील चित्रणात खेळाडूंचे झाकलेले पत्ते आणि प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता टक्क्यांत दाखवतात. गणिताच्या शिक्षकाला याचे कौतुक वाटावे, आणि आम्हालाही ते वाटते. पण आकडा दाखवला म्हणजे तो समजला असे होत नाही. या चित्रणाची उणीव नेमकी तिथेच आहे.

२००९ सालच्या मुख्य स्पर्धेचा शेवटचा डाव पाहू. ६,४९४ खेळाडूंपैकी दोघे उरले होते : २१ वर्षांचा जो काडा आणि डार्विन मून. काडाच्या हातात दोन नव्व्या, मूनच्या हातात चौकटची राणी आणि चौकटचा गुलाम. काडाने सर्व चिप्स पणाला लावल्या, मूनने आव्हान स्वीकारले. आता करण्यासारखे काही उरत नाही. दोघांसाठी सामाईक असे पाच पत्ते उघडतात आणि हातातले दोन धरून सातांपैकी ज्याचे पाच पत्ते सरस, तो जिंकतो. अठ्ठी, दुर्री, सत्ती, राजा आणि पुन्हा सत्ती उघडली. काडा जिंकला.

पत्ते उघडण्यापूर्वी काडाची शक्यता होती ५२-५३ टक्के. ती कुठून आली? मूनला मुख्यतः राणी किंवा गुलाम हवा. उरलेल्या ४८ पत्त्यांत असे सहा आहेत. पाचही पत्ते त्यांच्याबाहेरचे निघण्याची शक्यता ४२/४८ × ४१/४७ × ४०/४६ × ३९/४५ × ३८/४४, म्हणजे सुमारे ०.४९७. जवळजवळ नाणेफेकच! शिवाय काडाला तिसरी नव्वी मिळू शकते, तर मूनला पाच चौकट किंवा ओळीचे पाच पत्ते जुळू शकतात. ही देवाणघेवाण मिटून पारडे काडाकडे किंचित झुकते. हे गणित अकरावीचा विद्यार्थी सहज करील. चित्रणात मात्र त्याला जागा नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ५३ हा आकडा ४७ पेक्षा मोठा दिसला की प्रेक्षक 'हा जिंकणार' असे समजतो आणि तो हरला की 'दुर्दैव' म्हणतो. वास्तविक शंभर डावांत ५३ आणि ५० यांतला फरक नजरेस येणेही कठीण, कारण शंभर नाणेफेकींत छाप पाच-सहांनी इकडेतिकडे होणे नेहमीचेच. हा फरक दिसायला काही हजार डाव लागतात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तेवढी सवड कुणाला? असे पाच डाव लागोपाठ जिंकण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी जेमतेम चार टक्के होते.

तिसरी गोष्ट : कॅमेरा उरलेल्यांवरच असतो. याच अंतिम फेरीत काडा एकदा दोन तिर्र्यांवर दोन गुलामांपुढे, तर एकदा दोन दुर्र्यांवर दोन राण्यांपुढे सर्वस्व लावून बचावला होता. दोन्ही वेळा त्याची शक्यता विसाच्या आतच होती. हजारो खेळाडूंत असा एखादा निघतोच. ६,४९४ जणांनी जोडीजोडीने नुसती नाणेफेक केली, तरी तेरा फेऱ्यांत एकजण विजेता ठरेल. याचा अर्थ कौशल्य नसते असा नव्हे. कोणत्या पत्त्यांवर, किती चिप्स असताना सर्वस्व लावायचे, हे ठरवण्यात ते असते. पत्ते उघडू लागल्यावर मात्र ते संपते. निकालावरून निर्णयाची परीक्षा करू नये, हा धडा या चित्रणाने द्यायला हवा होता.

पत्ते आणि फासे वर्गात कशाला, असे कुणी विचारील. पास्कल आणि फर्मा यांच्या १६५४ सालच्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले, ते जुगाराच्याच प्रश्नांवरून. एक फासा चारदा टाकल्यास सहा पडण्याची शक्यता ५१.८ टक्के, दोन फासे चोवीसदा टाकल्यास जोडषटकार पडण्याची ४९.१. पहिली पैज फायद्याची, दुसरी तोट्याची. शिक्षकांनी हे दोन्ही प्रयोग पैशांविना वर्गात करून पाहावेत. एका तासात फरक दिसणार नाही. तो का दिसला नाही, हे मुलांना उमगले की तास सार्थकी लागला. पैसे लावून दोनचार डाव जिंकलेल्या मुलाला 'आपल्याला खेळ कळला' असे वाटू लागते. त्याला थांबवायला उपदेशापेक्षा हे गणित जास्त उपयोगी पडेल.