आरोग्यसेवकांमधील मानसिक आजारविषयक लांछनभाव आणि प्रशिक्षणाच्या मर्यादा : एक चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्याच्या विक्षिप्त वागण्यावर शेरा मारताना 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'याची जागा येरवड्यात' असे मराठीत सहज म्हटले जाते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि उपचाराची ही स्थाने लोकव्यवहारात थट्टेची स्थाने होऊन बसली आहेत. ही भाषा रुग्णालयाच्या दारापाशी थांबत नाही. तीच बोलत मोठे झालेले तरुण-तरुणी पुढे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ म्हणून वॉर्डात येतात. त्यामुळे मानसिक आजाराविषयीचा लांछनभाव आरोग्यसेवकांमध्येही असावा, यात आश्चर्य नाही. आश्चर्य याचे आहे, की वैद्यकीय शिक्षणानंतरही तो टिकून राहतो आणि स्वतःच्या आजाराच्या बाबतीत तर अधिकच कठोर होतो.

यावर उपाय म्हणून कामाच्या ठिकाणी मानसिक आरोग्याचे शिक्षण द्यावे, असे सर्वत्र सुचवले जाते. १० ऑक्टोबर या जागतिक मानसिक आरोग्य दिनी व्याख्याने होतात, भित्तिपत्रके लागतात, कार्यशाळा भरतात. या उपक्रमांमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासणे आवश्यक आहे. लांछनभाव हा अज्ञानातून येतो व माहिती दिल्याने तो जातो, हे ते गृहीतक होय. आरोग्यसेवकांच्या बाबतीत ते कितपत टिकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

लांछनभावाचे स्वरूप

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या संकल्पनेचे मूळ ग्रीकांच्या प्रथेत दाखवले. गुलाम, गुन्हेगार वा द्रोही व्यक्तीच्या अंगावर कापून वा डागून खूण केली जाई, म्हणजे लोकांनी तिच्यापासून दूर राहावे. मराठीतील 'डाग लागणे', 'बट्टा लागणे' हे वाक्प्रचारही हीच कल्पना वाहतात. डाग हा दुसऱ्याने पाहावा लागतो, त्यामुळे तो लपवणे हा त्यापासून बचावाचा पहिला मार्ग ठरतो.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ ग्रॅहम थॉर्निक्रॉफ्ट यांनी लांछनाचे तीन पैलू मांडले आहेत : ज्ञानाच्या पातळीवर अज्ञान, वृत्तीच्या पातळीवर पूर्वग्रह आणि वर्तनाच्या पातळीवर भेदभाव. सर्वसामान्य माणसात हे तिन्ही एकत्र आढळू शकतात. डॉक्टर किंवा परिचारिकेच्या बाबतीत मात्र पहिला पैलू दुबळा असतो. नैराश्य हा आजार आहे व त्यावर उपचार आहेत, हे त्यांना ठाऊक असते, कारण त्यांनी त्यावर परीक्षा दिलेली असते. तरीही मानसिक आजाराची नोंद असलेला रुग्ण छातीत दुखते म्हणून आला, तर त्याची तक्रार 'मनाची' समजून बाजूला ठेवली जाण्याचा धोका असतो. वैद्यकीय साहित्यात या प्रकाराची स्वतंत्र नोंद झालेली आहे. येथे कमतरता माहितीची नसून वृत्तीची व वर्तनाची आहे.

आकड्यांचे वाचन

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेतील डॉ. सुरेश बडा मठ हे या कृतिदलाचे अध्यक्ष होते. कृतिदलाच्या ऑनलाइन पाहणीत पदवी अभ्यासक्रमाचे २५,५९० विद्यार्थी, ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी आणि ७,०३५ अध्यापक सहभागी झाले. आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाले असल्याचे पदवीच्या २७.८ टक्के, तर पदव्युत्तर स्तरावरील १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी नोंदवले. मनात आत्महत्येचे विचार आल्याचे पदवीच्या सुमारे १६ टक्के व पदव्युत्तर स्तरावरील सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले.

या पाहणीतील सहभाग ऐच्छिक होता. त्यामुळे हे प्रमाण देशातील सर्व विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावता येणार नाही. शिवाय दोन वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांची तुलना सावधपणेच करावी लागते. ही मर्यादा मान्य करूनही या आकड्यांतील एक विसंगती लक्ष वेधून घेते. पदवीच्या विद्यार्थ्यांत निदान झालेल्यांचे प्रमाण आत्महत्येचे विचार येणाऱ्यांहून अधिक आहे, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांत ते त्याच्या निम्मेच आहे. ज्यांचे वैद्यकीय ज्ञान अधिक, ज्यांना मनोविकारतज्ज्ञ सहकारी म्हणून जवळच उपलब्ध, त्यांच्यातच यातना अधिक आणि निदान कमी असे हे चित्र आहे. वेळेचा अभाव हे त्याचे एक कारण असू शकेल. परंतु अज्ञान हे कारण असण्याची शक्यता सर्वांत कमी आहे. माहितीवर भर देणाऱ्या प्रशिक्षणाला हा आकडा प्रश्न विचारतो.

ज्ञान आणि भय

पदव्युत्तर विद्यार्थी हा विद्यार्थी असतो आणि कर्मचारीही. त्याचा शोधप्रबंध, त्याची रजा आणि त्याचे प्रात्यक्षिक परीक्षेतील भवितव्य एकाच विभागाच्या हाती असते. त्याने मनोविकार विभागात जायचे ठरवले, तर बहुधा स्वतःच्याच रुग्णालयात केसपेपर काढावा लागतो. तो कागद खिडकीवरच्या लिपिकापासून औषधालयापर्यंत ओळखीच्या हातांतून फिरतो. 'झेपत नसेल तर ही शाखा घेतली कशाला' हे वाक्य कोणी उच्चारले नाही, तरी ते ऐकू येते. अशा स्थितीत मौन हा अडाणीपणा ठरत नाही. परिस्थितीचे अचूक आकलन करून घेतलेला तो निर्णय असतो आणि म्हणूनच व्याख्यानाने तो बदलत नाही.

ही केवळ भारतीय परिस्थिती नाही. न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, आत्महत्या केली. उपचार घेतल्याचे कळले तर आपला परवाना व कारकीर्द संपेल, अशी भीती त्यांना वाटत होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी नंतर जाहीरपणे सांगितले. त्यांच्या नावाचा कायदा मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत संमत झाला. आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणासाठी व जागृतीसाठी त्यातून अनुदाने मिळाली. परंतु परवान्याच्या अर्जातील मानसिक आजारविषयक प्रश्न हा राज्यांच्या मंडळांचा विषय राहिला. त्या मंडळांच्या महासंघाने २०१८ मध्येच अशी शिफारस केली होती, की प्रश्न विचारायचाच तर तो अर्जदाराच्या सध्याच्या कार्यक्षमतेपुरता असावा, जुन्या निदानाविषयी नसावा. 'मदत मागा' असे शिकवणे आणि मदत मागितल्याची किंमत वसूल करणारा अर्ज पुढे ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

संपर्काधारित शिक्षण

याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे, असा नाही. कॅनडाच्या मानसिक आरोग्य आयोगाने २००९ मध्ये 'ओपनिंग माइंड्स' हा उपक्रम सुरू केला. लांछन-निर्मूलनासाठी निवडलेल्या गटांत आरोग्यसेवकांचा समावेश त्याने आरंभापासून केला. या उपक्रमातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे, आजारातून सावरलेल्या व्यक्तीने स्वतःचा अनुभव समोर बसून सांगणे हे केवळ माहितीपर व्याख्यानापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. दुसरी म्हणजे, एकदाच घेतलेल्या सत्राचा प्रभाव टिकवायचा तर पुनरावृत्ती व वरिष्ठांचा पाठिंबा आवश्यक असतो.

या उपक्रमात आरोग्यसेवकांसाठी तयार झालेली मापनश्रेणीही विचार करण्याजोगी आहे. रुग्णांविषयीची वृत्ती, सामाजिक अंतर आणि स्वतःचा आजार उघड करून मदत घेण्याची तयारी हे तीन घटक ती वेगवेगळे मोजते. हे वेगळेपण महत्त्वाचे आहे, कारण रुग्णाविषयी सहानुभूती बाळगणारा डॉक्टर स्वतःविषयी निष्ठुर असू शकतो. आपल्याकडील कार्यशाळांच्या शेवटी भरून घेतले जाणारे अभिप्रायपत्र 'सत्र उपयुक्त वाटले काय' एवढेच विचारणारे असेल, तर या तिसऱ्या घटकापर्यंत ते पोहोचणार नाही.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. कॅनडास्थित मराठी प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेल्या 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन'ने रुग्ण व कुटुंबीय यांनाच बोलते केले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'देवराई' (२००४) या चित्रपटाने हा आजार कुटुंबाच्या आतून दाखवला. मात्र अशा प्रयत्नांत डॉक्टर भेटतो तो उपचार करणारा म्हणून. स्वतः उपचार घेतलेला डॉक्टर विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो, असे दृश्य आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत दुर्मीळच आहे.

कायदा, कामाचे तास आणि वगळलेले घटक

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ३० नुसार लांछनभाव कमी करणारे कार्यक्रम आखणे, त्यांना निधी देणे व ते राबवणे ही शासनाची जबाबदारी आहे. कलम ३१ वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी बोलते, तर कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. पण कलम ३१ मध्येही वैद्यकीय अधिकारी दिसतो तो सेवा देणारा म्हणून. तो स्वतः रुग्ण होईल तेव्हा काय, याचा विचार तेथे होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मात्र मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश करतो आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला सामान्यतः कामावरून कमी करता येणार नाही, असे म्हणतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मानसिक दिव्यांगत्वाशी जोडलेल्या शिस्तभंगाच्या कारवाईला अप्रत्यक्ष भेदभाव मानले. आरोग्यसेवकांना जी माहिती खरोखर हवी आहे ती ही आहे. आजाराची लक्षणे त्यांना ठाऊक असतात, स्वतःचे संरक्षण ठाऊक नसते.

कामाच्या तासांचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. निवासी डॉक्टरांसाठी १९९२ च्या केंद्रीय योजनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली होती. २०२४ च्या कृतिदलाने ७४ तासांच्या आत काम, आठवड्याची एक सुट्टी आणि रोज सात ते आठ तास झोप अशी शिफारस केली. प्रत्यक्षातील अतिरेक पाहता ही शिफारस दिलासादायक वाटेल. तथापि तीन दशकांनंतरच्या सुधारणेत मर्यादाच वर सरकावी, हे चिंताजनक आहे. न झोपलेल्या माणसाला ताण-व्यवस्थापन शिकवणे म्हणजे त्याच्या थकव्याची जबाबदारी त्याच्याच माथी मारणे होय.

कृतिदलाचा विषय वैद्यकीय विद्यार्थ्यांपुरता होता, हा त्याचा दोष नव्हे. परंतु रुग्णालय डॉक्टरांवरच चालत नाही. परिचारिका, वॉर्डातील मामा-मावशी, सफाई कामगार, गावातील आशा कार्यकर्त्या यांच्या ताणाची अशी गणना क्वचितच होते. कंत्राटावर असलेल्या कर्मचाऱ्याला परवाना जाण्याची नव्हे, तर पुढील नेमणूक न मिळण्याची भीती असते. परिणाम मात्र तोच होतो, म्हणजे मौन.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की आरोग्यसेवकांमधील लांछनभावाचे मूळ अज्ञानापेक्षा भयात अधिक आहे, आणि हे भय बरेचदा साधार असते. म्हणून मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणाची उपयुक्तता त्याच्या जोडीला काय दिले जाते यावर ठरते. स्वतःच्या संस्थेबाहेर गोपनीय उपचाराची सोय, मूल्यमापन करणाऱ्या मार्गदर्शकापासून वेगळा असलेला समुपदेशक, पाळली जाणारी कामाच्या तासांची मर्यादा आणि हक्कांची स्पष्ट माहिती या चार गोष्टी नसतील, तर प्रशिक्षण हा केवळ उपचार ठरतो, तोही शिष्टाचार या अर्थाने. एखाद्या विभागप्रमुखाने विद्यार्थ्यांसमोर 'मीही उपचार घेतले होते' असे सांगावे आणि त्यानंतर त्याच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहू नये, हीच या शिक्षणाची खरी परीक्षा आहे. ती परीक्षा विद्यार्थ्यांनी नव्हे, संस्थांनी द्यायची आहे.